लाल चिंधीच्या काठ्या

वहिनी, तुमच्या प्राचीने मला कामाला लावलंय. गावचं मंडळ तुमच्यावर स्मरणिका काढतंय. वर तुमचा शाल पांघरलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘टिटव्यांची आई’. "काकी, तू आईची जाऊ. एकतीस वर्षं एका अंगणात काढलीत. तुझं पान तर हवंच," म्हणाली. "दोन शब्द लिही, छान काहीतरी." छान काहीतरी माझ्या हातून होणार नाही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरी बसले लिहायला.

बाकीच्यांचे लेख प्राचीने मला वाचायला दिले. शाळेच्या बाईंनी तुम्हाला मायेचा सागर केलंय. मंडळाचे अध्यक्ष लिहितात की तुमच्या तोंडून कधी कोणाला वावगा शब्द गेला नाही. ते वाचताना माझ्या हातातला चहा सांडला. अध्यक्षांची आणि तुमची गाठ फक्त सत्काराच्या दिवशी पडली होती, म्हणून माफ केलं.

ही स्मरणिका निर्मळपासून राजोडीपर्यंत, जिथे जिथे तुमच्या काठ्या उभ्या आहेत त्या प्रत्येक घरात जाणार आहे. मी लिहिणार आहे ते छापलं, तर तुमचं नाव जाईल. नाही छापलं, तर उरल्यासुरल्या टिटव्या जातील. दोन्ही वाचेल असा मार्ग मी महिनाभर शोधला. तुमच्या फोटोसमोर उदबत्ती लावतानाही शोधला. सापडला नाही, म्हणून आता खरं तेच लिहिते.

तुमच्या जिभेपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या आईसमोर म्हणालात, "मुलगी सावळी आहे, पण हात कामाचे दिसतात." माझी भोळी आई तेवढ्यावर खूश झाली. सात वर्षं झाली तरी मला मूल नाही, तेव्हा वाडीत केळीला पाणी सोडताना म्हणालात, "केळसुद्धा एकदा तरी विते गो." तुम्हाला स्वतःला प्राची लग्नानंतर बारा वर्षांनी झाली होती, ते सोयीने विसरलात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्राचीला आणून माझ्या मांडीवर टाकलंत. "हिला बघ, मला मोगरा काढायचाय." तुमचा मोगरा पुढे पाच वर्षं काढून संपला नाही. पोर माझ्याच ताटात जेवली, माझ्याच कुशीत झोपली. तुम्ही मला ती दिली होतीत की नुसती सांभाळायला ठेवली होतीत, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दुसरं काहीतरी टोचून बोलला असतात आणि आहे तेही गेलं असतं.

टिटवी दाखवलीत ती तुम्हीच. मी तोवर तिला अभद्र पक्षी समजत होते, घरावरून ओरडत गेली की देवाचं नाव घ्यायचे. एका उन्हाळ्यात तुम्ही मला हाताला धरून तुमच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या तुकड्यात नेलंत आणि म्हणालात, "बघ." मला ढेकळं दिसत होती. "बघ म्हणते ना. पायाखाली बघ, आकाशात काय बघतेस?" माझ्या चपलेपासून वीतभरावर चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, वर काळे डाग. घरटं म्हणून काही नव्हतं, नुसती एक खळगी आणि कडेला चार खडे. तुम्ही उकिडव्या बसून कुजबुजत मला समजावत होतात की ही झाडावर जात नाही, उघड्यावर मांडते, तिची सगळी राखण म्हणजे अंड्यांचा रंग आणि तिचा घसा. मी इतकी वर्षं तुम्हाला पाहत होते, तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात कोणाशी तुम्ही तशा बोलत नव्हतात.

मग ते ताट आलं. त्या चैत्रात मी माझ्या तुकड्यात दुधी लावायचं ठरवून बळीरामला मशीन घेऊन बोलावलं. बळीराम म्हणजे खाजणापलीकडचा भातशेतीवाला, आपल्या आळीतली सगळी नांगरट त्याच्याच पॉवर टिलरवर होते. त्याच्या पात्याखाली टिटवीची अंडी आली. मला माहीत नव्हतं, त्यालाही दिसली नाहीत. तुम्ही ती टरफलं वेचलीत. संध्याकाळी तुमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आळीतल्या सगळ्या बायका आलेल्या, आंब्याची डाळ वाटली जात होती. तुम्ही चांदीच्या ताटात ती चिरडलेली टरफलं मांडून गौरीपुढे ठेवलीत. बायका विचारायला लागल्या तेव्हा लाल पातळाचा पदर सावरत म्हणालात, "ही आमच्या रेखाची करणी. स्वतःला नाही, दुसऱ्यालाही होऊ देत नाही."

कोणी हसलं नाही, हे त्या बायकांचे उपकार. मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं ते बघितलं आणि घरी आले. ह्यांना काही सांगितलं नाही. तुमच्याशी भाजी-मिठापुरतं बोलणं दुसऱ्या दिवसापासून परत सुरू झालं, कारण अंगण एक, नळ एक आणि प्राची एक.

आठवड्याभरात तुमच्या काठ्या सुरू झाल्या. वेलाच्या मांडवाला लागतात तसल्या कमरेएवढ्या काठ्या, टोकाला लाल चिंधी. अंडी दिसली की दोन हातांवर एक काठी रोवायची, म्हणजे मशीनवाल्याला लांबून कळतं आणि तो वळसा घालून जातो. बळीराम खूश. मला म्हणाला, "वहिनी, मोठ्या वहिनींनी ही डोक्यालिटी बरी केली. आधी मशीन फिरली का संपला विषय. कोनाला काय कळनार? आता लाल दिसला का आपन लांब." त्या उन्हाळ्यात एकही खळगी पात्याखाली गेली नाही. तुम्ही वही घातलीत. कोणाचा तुकडा, किती अंडी, काठी कधी लावली, आणि शेवटच्या रकान्यात ‘वाचलं’ म्हणून बरोबरची खूण. महिन्याभराने जाऊन बघायचात. खळगी रिकामी असली की खूण.

तुमची चूक इथे झाली, वहिनी, आणि ती तुमच्यासारख्या जाणत्या बाईलाच होऊ शकत होती. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी तुरुतुरु चालायला लागतं, एक-दोन दिवसांत खळगी सोडून जातं. टरफलंसुद्धा आईबाप उचलून लांब टाकतात. मागे काही राहत नाही. हे तुम्हाला पुरतं माहीत होतं, म्हणूनच रिकामी खळगी दिसली की तुम्ही पिल्लं चालत गेली असं समजायचात. ज्याला काही माहीत नसतं त्याने निदान विचारलं असतं, की बाई, अंडी गेली कुठे?

मला ते कळलं दुसऱ्या वर्षी. माझ्या मागच्या ओट्यावरून तुमचा तुकडा पूर्ण दिसतो. मी तिथे बसून कागड्याच्या फुलांचा हार ओवत होते. एक कावळा येऊन तुमच्या काठीवर बसला. मान वाकडी करून खाली बघितलं. टिटव्या दोघीही त्याच्यावर तुटून पडल्या, तो उडाला, त्या मागे लागल्या, आणि माडावरून दुसरा उतरला. त्याने अंडं उचललं तेव्हा चोचीतून पिवळं ओघळत होतं. परत आला, परत नेलं. चारही. मग ती कावळ्यांची जोडी उडून पुढच्या काठीवर गेली. तिथून पुढच्या. घरामागून घर घ्यावं तशी ती क्रमाने चालली होती. मी हार पुरा केला.

मला खात्री करायची होती. माझ्या तुकड्यात मी तुमची काठी कधी लावू दिली नव्हती. पण त्या दिवशी मी दुधीच्या मांडवातली एक काठी काढली, जुन्या झंपराची लाल चिंधी बांधली आणि जिथे अंडं नव्हतं, काही नव्हतं, अशा कोरड्या जागी रोवली. दुपारचा चहा व्हायच्या आत कावळा काठीवर. खाली उतरला, काठीभोवती गोल फिरला, ढेकळं उलटीपालटी केली आणि काही मिळालं नाही म्हणून माझ्याकडे बघून ओरडला. मी काठी उपटली आणि चिंधी चुलीत घातली.

मी तेव्हाच बांध ओलांडून तुमच्याकडे यायला हवं होतं. पंचवीस पावलं. आले नाही. माझं टिटव्यांशी वैर नव्हतं, ते मला आता कोणी विचारत नाही म्हणून सांगते. मला तुम्हाला हरलेलं बघायचं होतं. हळूहळू, सगळ्यांच्या देखत, तुमच्याच हाताने. ज्या चैत्रात आपल्या आळीत एकही टिटवी ओरडणार नाही, त्या हळदीकुंकवाला मी माझ्या घरचं रिकामं ताट तुमच्या गौरीपुढे नेऊन ठेवणार होते. काय बोलायचं तेसुद्धा ठरवलं होतं. दर वर्षी ते ताट चिंच लावून घासून ठेवत होते, वहिनी. इतकी नीच मी आहे, आणि स्मरणिकेत हे छापायला लाज वाटत असेल तर प्राचीने हा परिच्छेद गाळू नये, मीच जास्त मोठ्या अक्षरांत घालायला सांगेन.

तुमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषण. लगोलग सगळीकडे काठ्या. शाळेतली पोरं रविवारी चिंध्या बांधायला यायला लागली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर नारळ माझ्या हातात दिलात, "फोड, चटणी कर," आणि शाल नेऊन ह्यांच्या अंगावर घातलीत, कारण ह्यांना तेव्हा थंडी वाजत होती आणि डॉक्टरला दाखवायला मीच चालढकल करत होते. दुसऱ्याच दिवशी ह्यांना वसईला दवाखान्यात भरती करावं लागलं. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत माझा सगळा मोगरा, सगळा कागडा तुम्ही पहाटे उठून काढलात, माझ्या गिऱ्हाइकांना पोचवलात, आणि मी आले तेव्हा एवढंच म्हणालात, "तुझ्या मोगऱ्याला खत कमी पडतंय." त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मग तुम्ही खताचं बोललात आणि ते तिथेच राहिलं.

एकदा प्रयत्न केला, अगदीच नाही असं नाही. टिटव्या कमी झाल्या म्हणून तुम्ही अंगणात फणफणत होतात. मोबाइलचे टॉवर, भटकी कुत्री, भरावाचे डंपर, नव्या इमारती, सगळ्यांचा उद्धार झाला. त्यातलं खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, "कावळेही फार झालेत, वहिनी. काठीवर बसतात." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाहीत. "तुला पक्ष्यातलं काय कळतं? अंडी चिरडणारी तू." मला किती बरं वाटलं सांगू? मी सांगायला गेले होते, तुम्हीच ऐकलं नाहीत, आता पाप तुमचं. ते एक वाक्य मी नंतर तीन वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

बळीरामच्या मात्र लक्षात आलं होतं. "वहिनी, आपन काठ्या एवढ्या लावतो, पन पिल्लं कुठं दिसत नाय," असं तो मशीन बंद करून मलाच म्हणाला. मी म्हटलं, "चालत जातात ती. मोठ्या वहिनींना विचार." त्याने विचारलं नाही. तुम्हाला विचारायची हिंमत गावात होती कोणाची?

तुमचं पोट फुगायला लागलं, डॉक्टरांनी लिव्हर सांगितलं, आणि तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर आलात. अंग चिपाडासारखं झालं, जीभ जशीच्या तशी. माझ्या हातची पेज गिळगिळीत, प्राचीने आणलेली नर्स कामचुकार. एक दिवस दुपारी मला जवळ बसवलंत. "कोपऱ्यातल्या जोडीचं काय झालं?" आपल्या आळीत तेवढी एकच जोडी उरली होती. त्याच सकाळी त्यांची अंडी काठीवरून उतरून कावळ्याने नेली होती. मी ओट्यावरून बघितलं होतं.

मी म्हटलं, "निघाली पिल्लं."

"किती?"

"चार."

"चारही?"

"चारही. बांधावरून पळत होती."

तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी. "बघ. आणि तू म्हणायचीस कावळे."

मग डोळे मिटून पडलात आणि थोड्या वेळाने म्हणालात, "रेखा, एक विचारायचं होतं तुला." मी म्हटलं, "विचारा ना." तुम्ही छताकडे बघितलंत. "असू दे. उद्या." दुसऱ्या दिवशी तुमची वाचा गेली होती. मी मनाशी पक्कं धरलं की तुम्हाला ताटाबद्दल माफी मागायची होती. त्या माफीवर मी तुमचं सगळं केलं, वहिनी. अंग पुसलं, वेणी घातली, शेवटचं पाणी प्राचीबरोबर मीही पाजलं. मनात म्हणत होते, मागितली नाहीत तरी मागायची होतीत, तेवढं पुरे.

दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माडांवर बसून होते, खाली येत नव्हते. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय. तुमच्या माहेरच्यांनी प्राचीचं लग्न चांगल्या घरी करून देऊ म्हणून सांगितलं. कावळा ढिम्म. मी मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं, वहिनी, सगळं खरं सांगेन. ढिम्म. मग प्राची पुढे झाली. रडून डोळे सुजलेले. "आई, तुझ्या काठ्या मी बंद पडू देणार नाही. सगळ्यांच्या शेतात लावेन. प्रॉमिस." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा सपकन खाली आला आणि भाताला चोच लावली. जमलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मला हसू फुटलं, वहिनी. पदर तोंडात कोंबला, खांदे हलत होते, तर बायका माझी पाठ थोपटायला लागल्या.

तेराव्याला पोरीने शब्द पाळला. तुमचं लाल पातळ फाडलं, तेच हळदीकुंकवाचं, आणि तिच्या मैत्रिणींनी, शाळेतल्या पोरांनी, अर्ध्या गावाने मिळून आपल्या आळीत साठ-सत्तर काठ्या रोवल्या. अंडी असो नसो, आठवण म्हणून. त्यातली एक तुमच्या कोपऱ्यातल्या तुकड्यात, दोन हातांवर, नेमकी. कारण त्या जोडीने पुन्हा अंडी घातली होती. पहिली गेली की टिटवी परत घालते, एवढी चिकाटी माणसात नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी निघाले आणि दिसेल ती काठी उपटली. तुमच्या तुकड्यापासून सुरुवात केली, मग शेजाऱ्यांच्या. बायका कुंपणाशी गोळा झाल्या. मला ऐकू जाईल अशा बेताने एक म्हणाली, "मेल्यावरही जावेचा पिच्छा सोडत नाय." दुसरी मोबाइलवर शूटिंग करत होती. तासाभरात प्राची विरारहून स्कूटीवर हजर.

"काकी, काय चाललंय तुझं? लोकांनी व्हिडिओ पाठवला मला. आईचं पातळ आहे ते! मी पिंडासमोर शब्द दिलाय!"

मी काठ्यांची मोळी खाली ठेवली आणि बांधावर बसून तिला सगळं सांगितलं. ताट सांगितलं, कावळा सांगितला, माझी खोटी काठी सांगितली. ती उभीच होती, हेल्मेट हातात.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"पाच वर्षं."

"हो."

"आणि आईला शेवटी चार पिल्लं बोललीस, ती?"

"खोटी."

तिने दुसरीकडे बघितलं. "ते तरी नको होतं ना सांगायला, यार," म्हणाली आणि निघून गेली. जिला मी मांडीवर वाढवली ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, बसली नाही. तुमची वही माझ्यासमोर ठेवली, एक पान उघडून.

तुमचं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘रेखाच्या तुकड्यात काठी नाही. बांधावर तीन पिल्लं फिरताना पाहिली. आपल्याकडे काठीवाल्या जागी एकही पाहिलं नाही. का? रेखाला विचारायचं.’ खाली दोन रेघा मारलेल्या. दोन वर्षांपूर्वीचं पान. पुढे परत खुणा, वाचलं, वाचलं, वाचलं. गेल्या वर्षीच्या पानावर पुन्हा, नुसतं ‘रेखाला विचारायचं.’

माफी नव्हती तर. त्या दुपारी छताकडे बघत तुम्ही हेच गिळलंत. ते ताट तुमच्या मनातही नव्हतं. तुम्हाला शंका आली होती, दोन वर्षं आली होती, आणि विचारायचं तर मला विचारावं लागणार, अंडी चिरडणारीला, म्हणून तुम्ही खुणा करत राहिलात. मी माझ्या ओट्यावर, तुम्ही तुमच्या खिडकीत. मधे पंचवीस पावलं आणि एक बांध. मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला की तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. रात्रीच्या जेवणाआधी परत सरळ केला, कारण ह्यांनी विचारलं असतं.

मग मी राखण धरली. काठी न लावता, जवळ न जाता, कारण माणूस कुठे थांबतं तेही कावळा बघतो. ओट्यावर गलोल घेऊन बसायचे. बळीरामला सांगितलं, ह्या तुकड्यात मशीन नाही. तो म्हणाला, "बरां, पन काठी नाय तर मी कसा ओळखनार?" त्याला हाताला धरून नेलं आणि म्हटलं, "बघ. पायाखाली बघ." त्याला दिसायला बराच वेळ लागला. मी दिवस मोजत होते. महिना भरत आला होता.

गेल्या मंगळवारी तुमचं नाव सातबारावरून काढून प्राचीचं लावायच्या कामाला आम्ही दोघी वसईला गेलो. साक्षीदार म्हणून सही मलाच करायची होती, टाळता येईना. येताना रिक्षात प्राची पहिल्यांदा माझ्या खांद्याला टेकून झोपली, म्हणून मी रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं नाही. परतलो तेव्हा दुपार झाली होती. तुकड्यात आवाज नव्हता.

खळगी रिकामी होती. पिवळं सांडलेलं नाही, टरफल नाही, पीस नाही. चार खडे कडेला तसेच. मी गुडघ्यांवर बसून सगळा तुकडा हातांनी चाचपला, बांधापर्यंत, तुमच्या माडापर्यंत. बळीराम शेजारच्या शेतात होता. म्हणाला, "सकाळी दोघं लय ओरडत होती. कशाला ते आपन बघितला नाय." पिल्लं बाहेर काढतानाही ती तशीच ओरडतात आणि कावळ्यावर तुटून पडतानाही.

प्राचीने हे सगळं वाचलंय. छापायचं म्हणते, एक अक्षर न गाळता, फक्त वर ‘टिटव्यांची आई’ तसंच ठेवून. ज्यांच्या हातात ही स्मरणिका पडेल त्यांनी आधी उठून शेतातल्या काठ्या उपटाव्यात, उरलेलं मग वाचलं तरी चालेल. तुमची वही तिने मला दिलीय, शेवटचा रकाना मी भरायचा म्हणून. पाच वर्षं मी बघत होते आणि सांगितलं नाही. ह्या वेळी सांगायला बसले होते तर बघायला नव्हते. पेन उघडून तीन दिवस झाले, वहिनी. खळगी रिकामी आहे. तुम्हाला परत चार सांगू का?